सर्वात कमी बोलीचा महागडा हट्ट

लढाऊ विमान, पाणबुडी किंवा तोफ विकत घेताना करारावर जी रक्कम लिहिली जाते, तेवढ्यावर खर्च संपत नाही. पुढची तीस-चाळीस वर्षे इंधन, सुटे भाग, ठरावीक तासांनंतरची संपूर्ण दुरुस्ती (ओव्हरहॉल), इंजिनांची बदली, मधल्या काळातले आधुनिकीकरण, चाचणीची उपकरणे, तंत्रज्ञांचे प्रशिक्षण आणि शेवटी ती वस्तू मोडीत काढणे, हे सगळे खरेदीदाराच्याच माथी येते. हा सगळा खर्च एकत्र मांडून स्पर्धक बोलींची तुलना करणे म्हणजे आयुर्चक्र खर्चाची पद्धत. भारताच्या संरक्षण खरेदीत मात्र ‘एल-१’ हा शब्द परवलीचा आहे. तांत्रिक चाचणीत उतरलेल्या कंपन्यांपैकी जिची बोली सर्वात कमी, तिच्याशी वाटाघाटी होतात. या दोन गोष्टींत मुळात वैर नाही. एल-१ ठरवताना कोणता आकडा समोर ठेवायचा, एवढाच प्रश्न आहे.

तरीही हवाई दलाच्या १२६ लढाऊ विमानांच्या खरेदीचा बोजवारा उडाल्यापासून एक मत दिल्लीच्या कचेऱ्यांत आणि वृत्तवाहिन्यांच्या चर्चांत चांगलेच रुळले आहे. ही पद्धत श्रीमंत देशांना परवडणारी चैन आहे, तिच्यातले आकडे विक्रेत्यानेच पुरवलेले असतात, तिच्यामुळे महाग वस्तू स्वस्त दाखवण्याची पळवाट मिळते आणि म्हणून विकसनशील देशाने आपले साधे, स्वच्छ, सर्वात कमी किमतीचे सूत्र सोडू नये, असे ते मत. त्यातला एक आक्षेप दमदार आहे आणि त्याला सविस्तर उत्तर द्यावे लागते. बाकीचे व्यवहाराच्या नोंदींपुढे टिकत नाहीत.

पहिला दावा गरिबीचा. आज तिजोरीत पैसा कमी, तेव्हा आज स्वस्त मिळते ते घ्यावे, पुढचे पुढे बघू. या युक्तिवादाची परीक्षा भारतीय हवाई दलाच्या हवेत इंधन भरणाऱ्या विमानांवर झालेली आहे. २००३ पासून आग्र्याला सहा आयएल-७८ दाखल झाली. ताफा वाढवायची वेळ आली तेव्हा हवाई दलाने २००९ मध्ये एअरबसचे ए-३३० एमआरटीटी निवडले. अर्थ मंत्रालयाने जास्त किमतीवर बोट ठेवले आणि २०१० च्या आरंभी निविदा मागे घेतली गेली. फेरनिविदेत आयुर्चक्र खर्च धरला आणि जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा ए-३३० च पुढे आले. यात नवल काही नव्हते. त्याला दोन इंजिने, आयएलला चार. शिवाय ए-३३० हे जगभरच्या प्रवासी कंपन्यांचे रोजच्या वापरातले विमान, त्यामुळे त्याचे सुटे भाग आणि दुरुस्तीचे कारखाने एका सरकारच्या मर्जीवर अवलंबून नाहीत. वाटाघाटी मात्र रखडल्या आणि २०१६ मध्ये ती निविदाही गुंडाळली गेली. पैसा वाचला, असे खातेवहीत दिसते. त्याच ताफ्याबद्दल २०१७ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी (कॅग) नोंदवले की २०१० ते २०१६ या काळात आयएल-७८ ची सरासरी उपलब्धता ४९ टक्के होती आणि अपेक्षा होती ७० टक्क्यांची. म्हणजे सहातली जेमतेम तीन विमाने कामाला येत होती. जी तीन जमिनीवर उभी, त्यांचे भांडवल अडकलेले, त्यांचे कर्मचारी पगारावर, त्यांचे हॅंगर व्यापलेले. बोलींच्या तक्त्यात या उभ्या विमानांचा रकानाच नसतो, म्हणून ती फुकट वाटतात.

अशा खरेदीचे फळ दक्षिण आफ्रिकेने अधिक उघडपणे भोगले. १९९९ च्या सुमारे ३० अब्ज रँडच्या शस्त्रखरेदीत ग्रिपेन लढाऊ विमाने ठरली. शेवटी २६ घेतली. मार्च २०१३ मध्ये संरक्षण मंत्री नोसिविवे मापिसा-न्काकुला यांनी संसदेला सांगितले की त्यांतली १२ दीर्घ मुदतीच्या साठवणीत ठेवली आहेत, कारण ती उडवायला पैसे नाहीत. देखभालीचा करार संपल्यावर २०२१ मध्ये सगळा ताफाच जमिनीवर आला आणि नवा करार व्हायला २०२२ चा सप्टेंबर उजाडला. विमान चांगले होते, किंमत भरलेली होती. वर्षाकाठचा खर्च किती आणि तो कोणत्या खात्यातून निघणार, हे खरेदीच्या वेळी कोणी गांभीर्याने विचारले नव्हते. थायलंडने १९९७ मध्ये ‘चक्री नरुएबेत’ ही विमानवाहू नौका सेवेत घेतली. त्याच वर्षी आर्थिक संकट कोसळले, नौका बहुतेक काळ बंदरातच राहिली आणि तिच्यावरची हॅरियर विमाने २००६ पर्यंत सेवेतून गेली. श्रीमंत देशाचा अंदाज चुकला तर तो पुरवणी मागणी करून वेळ मारून नेतो. गरीब देशाचे विमान शेडमध्ये जाते. आयुर्चक्र खर्चाची गरज कोणाला जास्त, याचे उत्तर यातच आहे.

दुसरा दावा स्वच्छतेचा. सर्वात कमी किमतीचा आकडा एकच असतो, त्यात हात घालायला जागा नसते, असे म्हणतात. हे अर्धसत्य आहे. स्पर्धा एका दिवसाची असते आणि मक्तेदारी तीस वर्षांची. विमान एकदा आले की त्याचे सुटे भाग दुसऱ्या कोणाकडून घेता येत नाहीत. हे ठाऊक असलेला विक्रेता मूळ वस्तूवर सूट देतो आणि सुट्या भागांवर ती वसूल करतो. भारतीय करारांत सुरुवातीच्या दोन ते पाच वर्षांपुरता सुट्या भागांचा साठा सोबत येतो. त्यानंतरची प्रत्येक मागणी स्पर्धेविना. एल-१ चे सूत्र पहिल्या दिवसावर करडी नजर ठेवते आणि नंतरच्या दहा हजार दिवसांकडे पाठ फिरवते.

‘ॲडमिरल गोर्श्कोव्ह’ ही यातली ठळक कथा. जहाज रशियाने मोफत दिले होते. पैसे द्यायचे होते ते दुरुस्ती आणि फेरबांधणीचे. जानेवारी २००४ च्या करारात ती रक्कम ९७.४ कोटी डॉलर होती. जहाज उघडल्यावर केबलींपासून बॉयलरपर्यंत काय काय बदलावे लागेल, याचा खरा अंदाज घेतलाच गेला नव्हता. २०१० पर्यंत रक्कम २३५ कोटी डॉलरवर गेली आणि २००८ मध्ये मिळायची नौका ‘विक्रमादित्य’ म्हणून १६ नोव्हेंबर २०१३ ला ताब्यात आली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे तिथे शब्दशः झाले. तिच्यावरच्या मिग-२९के विमानांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. एकूण ४५ विमाने दोन करारांत घेतली. कॅगच्या २०१६ च्या अहवालानुसार एका आसनाच्या विमानांची उपलब्धता १५.९३ ते ३७.६३ टक्के यांच्या दरम्यान राहिली. २०१० पासून ४० इंजिने, म्हणजे सुमारे ६२ टक्के, आराखड्यातल्या दोषांमुळे काढून घ्यावी लागली. शंभर विमानांचे पैसे भरून तीसेक उडवायची, असे हे प्रमाण पडते. या आकड्यांना ‘साधे आणि स्वच्छ’ म्हणायचे असेल तर त्या विशेषणांचा अर्थ बदलावा लागेल.

आयुर्चक्र खर्चाच्या विरोधकांनी दक्षिण आफ्रिकेतलेच दुसरे उदाहरण पुढे करावे, इतके ते त्यांच्या सोयीचे आहे. त्याच १९९९ च्या व्यवहारात प्रशिक्षण विमान निवडताना तत्कालीन संरक्षण मंत्री जो मोडिसे यांच्या काळात किंमत हा निकषच बाजूला ठेवण्यात आला आणि इटलीच्या एरमाक्की विमानापेक्षा बरेच महाग असलेले ब्रिटिश हॉक निवडले गेले. २००१ च्या संयुक्त चौकशीत हा प्रकार नोंदला गेला. कमी किमतीचा खुंटा सोडला की काय होते, याचा हा पुरावा आहे खरा. पण तो आयुर्चक्र खर्चाविरुद्ध जात नाही. तिथे किंमत वगळली गेली होती. या पद्धतीत ती जास्त काटेकोरपणे आणि जास्त काळापर्यंत मोजली जाते. हॉक आणि एरमाक्की यांचा तीस वर्षांचा हिशेब कागदावर मांडायची सक्ती असती तर मंत्र्याला तो निर्णय ‘दूरदृष्टी’च्या नावाखाली खपवणे कठीण गेले असते.

आता दमदार आक्षेप. भविष्य कोणाला कळते? चाळीस वर्षांनंतर तेलाचा भाव, डॉलरचा दर, टायरची किंमत आज कशी सांगणार? आणि सांगितली तरी आकडे जुळवणाऱ्याच्या हातात निकाल राहणार.

या आक्षेपाचा पहिला भाग एका गैरसमजावर उभा आहे. तुलनेसाठी खर्चाचा संपूर्ण आकडा अचूक माहीत असावा लागत नाही. दोन स्पर्धकांमधला फरक कळावा लागतो. तेलाचा भाव दोघांनाही तोच लागणार. विमान तासाला किती लिटर पिते, हे उड्डाण चाचणीत मोजता येते. वैमानिकाचा पगार दोन्हीकडे सारखाच, तेव्हा तो हिशेबातून काढून टाकता येतो. इंजिन किती तासांनी काढावे लागते, एका तासाच्या उड्डाणामागे जमिनीवर किती मनुष्यतास लागतात, या गोष्टी ज्या देशांनी ते विमान आधी वापरले त्यांच्याकडून तपासता येतात. दुचाकी घेताना ‘ॲव्हरेज किती देते’ असे विचारणारा माणूस पेट्रोलच्या भावाचे भाकीत करत नसतो.

दुसरा भाग मात्र खरा आहे, आणि तो आकड्यांत पाहावा लागतो. समजा दोन रडार आहेत. पहिल्याची किंमत १०० कोटी आणि वर्षाचा खर्च १२ कोटी. दुसऱ्याची किंमत १४० कोटी, वर्षाचा खर्च ७ कोटी. आयुष्य तीस वर्षे. साधी बेरीज केली तर पहिले ४६० कोटींना पडते आणि दुसरे ३५० कोटींना, वाद संपला. पण तीस वर्षांनंतरचा रुपया आजच्या रुपयाइतका वजनदार नसतो, म्हणून भविष्यातला खर्च एका दराने घटवून आजच्या किमतीत आणावा लागतो. तो दर ८ टक्के धरला तर पहिले सुमारे २३५ कोटी आणि दुसरे २१९ कोटी. दर १२ टक्के धरला तर दोन्ही १९६-१९७ कोटींच्या आसपास बरोबरीत येतात. १५ टक्के धरला तर पहिले १७९ आणि दुसरे १८६. रडार तीच, विक्रेते तेच, आणि एका दराने विजेता बदलला. ज्या अधिकाऱ्याला हा दर बोली उघडल्यानंतर ठरवायची मुभा आहे, त्याच्या हातात निकाल आहे.

यावरून निघणारा निष्कर्ष मात्र विरोधकांना हवा तो नाही. दर, आयुष्याची वर्षे, वर्षाकाठचे उड्डाणतास, चलनाचा दर आणि सूत्र, हे सगळे निविदेतच छापले आणि बोली आल्यावर त्यातला काना-मात्राही बदलायचा नाही असा नियम केला, तर हातचलाखीची जागा उरत नाही. वेगवेगळ्या हप्त्यांच्या बोली आजच्या किमतीत आणून तोलण्याची रीत भारताच्या खरेदी-नियमांना नवी नाही. आणि एक गोष्ट या वादात कायम सुटते. पुढचे सगळे पुढे असे म्हणत नुसती खरेदीची किंमत बघणे हेसुद्धा एक गृहीतकच आहे. किंबहुना त्यात भविष्यातल्या खर्चाला अनंत दराने घटवून शून्यावर आणलेले असते. एल-१ मध्ये गृहीतक नसते, असे नाही. ते छापलेले नसते.

समर्थकांनीही इथे थोडी सावधगिरी बाळगायला हवी. एकूण खर्चातला सुमारे ७० टक्के भाग वापर आणि देखभालीचा असतो, हा अमेरिकेतल्या लेखापरीक्षकांचा आकडा भारतीय लेखांत आणि भाषणांत बिनदिक्कत उचलला जातो. अमेरिकेत तंत्रज्ञाचा पगार मोठा आणि सुटा भाग देशातलाच. भारतात पगार लहान आणि सुटा भाग डॉलरमध्ये किंवा युरोमध्ये. २००४ मध्ये सुमारे ४५ रुपयांना मिळणारा डॉलर वीस वर्षांनी ८३ रुपयांच्या घरात होता. त्यामुळे भारतासाठी मनुष्यबळावर बचत करणारे यंत्र तितकेसे फायद्याचे नसते, आणि परदेशी सुट्या भागांची भूक कमी असलेले यंत्र अमेरिकेला वाटते त्याहून जास्त फायद्याचे असते. हे प्रमाण आपल्याच नोंदींतून काढले पाहिजे. उसने आकडे वापरणाऱ्यांनी या पद्धतीचे जितके नुकसान केले, तितके तिच्या विरोधकांनीही केले नसेल.

राहिला १२६ विमानांचा प्रश्न, कारण प्रत्येक चर्चा तिथेच येऊन अडते. ऑगस्ट २००७ मध्ये निविदा निघाली. सहा विमानांच्या चाचण्या झाल्या, एप्रिल २०११ मध्ये रफाल आणि युरोफायटर टायफून उरली, आणि ३१ जानेवारी २०१२ ला दासोच्या रफालला सर्वात कमी बोलीचे मानले गेले. या ठरवण्यात ४० वर्षांचा वापरखर्च धरला होता. दोन वर्षांनी संरक्षण मंत्री ए. के. अँटनी यांनी जाहीरपणे सांगितले की आयुर्चक्र खर्च काढण्याच्या पद्धतीबद्दल तक्रारी आल्या असून तो मुद्दा मिटल्याशिवाय प्रकरण मंत्रिमंडळापुढे जाणार नाही. एप्रिल २०१५ मध्ये ३६ तयार विमाने घेण्याची घोषणा झाली आणि काही महिन्यांत मूळ निविदा रद्द झाली. एवढ्या घटनाक्रमावरून ‘हिशेबाच्या नव्या पद्धतीने सौदा बुडवला’ असे म्हणणे सोपे आहे.

नोंदी वेगळे सांगतात. १०८ विमाने बंगळुरूला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बांधायची होती आणि तिथे बांधलेल्या विमानांची हमी दासो घ्यायला तयार नव्हती. शिवाय तिथे लागणारे मनुष्यतास फ्रान्समधल्यापेक्षा सुमारे २.७ पट निघाले. हे तास कोणाच्या बोलीत धरायचे, हाच मुळात भांडणाचा मुद्दा होता. कॅगने २०१९ मध्ये मांडले त्यानुसार मंत्रालयाच्या पथकाने मार्च २०१५ मध्ये दासोची बोली अटींना पूर्णपणे धरून नव्हती असा निष्कर्ष काढला होता, आणि दुसऱ्या स्पर्धकाच्या बोलीतही त्रुटी होत्या. म्हणजे अपुऱ्या भरलेल्या बोली स्वीकारल्या गेल्या, त्या सांभाळून घेतल्या गेल्या, आणि मग हिशेबाला दोष दिला गेला. देशात बांधायचा खर्च पूर्णपणे मांडला असता, तर हे २०१५ ऐवजी २०१२ च्या आधीच कळले असते. तो सौदा हिशेब केल्यामुळे बुडालेला नाही; अर्धवट केल्यामुळे बुडाला. अँटनींचा संशय प्रामाणिक होता, पण पद्धत बरोबर आहे का हे निविदा काढण्यापूर्वी विचारायचे असते. विजेता जाहीर झाल्यावर दोन वर्षांनी विचारलेला हा प्रश्न निर्णय टाळण्याच्या कामी येतो.

युद्धात उपयोगी पडणारे शस्त्र हिशेबाने निवडता येत नाही, हा भावनिक आक्षेपही ऐकू येतो. तो चुकीच्या दारावर येऊन थडकतो. तांत्रिक चाचणीत न उतरलेले शस्त्र हिशेबापर्यंत पोहोचतच नाही. पण या पद्धतीला खरोखर न दिसणारी एक जोखीम आहे: पुरवठा तुटण्याची. सोव्हिएत संघ विखुरल्यावर सुट्या भागांसाठी तिन्ही दलांची जी धावपळ झाली, ती कोणत्याही सूत्रात बसली नसती. २००९ मध्ये १०५ एएन-३२ विमानांच्या आधुनिकीकरणाचा करार युक्रेनशी झाला. ४० विमाने तिकडे आणि उरलेली कानपूरला व्हायची होती. २०१४ नंतर युक्रेनमधल्या घडामोडींनी कानपूरचे काम अडखळले. अशा जोखमीसाठी वेगळा निकष लागतो, आणि तो लष्करी व राजनैतिक निर्णयाचाच भाग राहणार. ती हिशेबात मावत नाही म्हणून हिशेबच नको, हे मात्र विचित्र.

या पद्धतीचे खरे बळ अंदाजात नसून अंदाजाला करारात बांधण्यात आहे. सुखोई-३० च्या बाबतीत कॅगला २०१५ मध्ये ७५ टक्क्यांच्या अपेक्षेसमोर ५५ ते ६० टक्के उपलब्धता आढळली. संरक्षण मंत्री म्हणून गोव्याचे मनोहर पर्रीकर यांनी सुट्या भागांच्या या प्रश्नावर जोर दिला होता. नाशिकजवळच्या ओझरला या विमानांच्या ओव्हरहॉलची सोय उभी राहायला मात्र ठरल्यापेक्षा उशीर झालेला होता. विमाने आधी आणि दुरुस्तीचा कारखाना नंतर, असा क्रम लागतो तेव्हा मधल्या वर्षांची किंमत कुठल्याच बोलीत नसते. सप्टेंबर २०१६ च्या ३६ रफालच्या करारात उलट ताफ्यापैकी किमान ७५ टक्के विमाने उडायला तयार ठेवण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकली गेली. ‘आमच्या विमानाला देखभाल कमी लागते’ असे सांगणाऱ्याने ते लिहून द्यायचे आणि चुकल्यास भरपाई करायची, असे झाले की फुगवलेले आकडे आपोआप खाली येतात. भविष्य सांगता येत नाही ही तक्रार मग खरेदीदाराची राहत नाही, विक्रेत्याची होते.

यात अडथळा आहे तो मंत्रालयाच्या खात्यांचा. विमान भांडवली खर्चातून येते. तेल, सुटे भाग आणि दुरुस्ती महसुली खर्चातून. दोन्ही खिसे वेगळे, आणि अर्थसंकल्प दरवर्षीचा. भांडवली बाजूला ४० कोटी जास्त मोजून महसुली बाजूला दरवर्षी ५ कोटी वाचवणाऱ्या अधिकाऱ्याला त्या वाचवलेल्या पैशांचे श्रेय मिळत नाही. ती बचत दिसते तेव्हा तो निवृत्त झालेला असतो. उलट जादा ४० कोटींबद्दल लेखापरीक्षणाचा प्रश्न लगेच त्याच्या टेबलावर येतो. त्यामुळे तो कमी बोली निवडतो, आणि त्याच्या जागी दुसरा कोणीही तेच करील. खरेदीला मंजुरी देतानाच पुढच्या वापरखर्चाची वर्षवार तरतूद त्याच फाइलमध्ये नोंदवणे, प्रत्येक तळावर बिघाडांची आणि मनुष्यतासांची एकाच नमुन्यातली नोंद ठेवणे, आणि दर पाच वर्षांनी बोलीतला अंदाज व प्रत्यक्ष खर्च शेजारी-शेजारी मांडून त्या विक्रेत्याच्या पुढच्या बोलीला तो तक्ता जोडणे, एवढे केले तरी बोली भरणाऱ्यांना आपले आकडे पुन्हा तपासले जाणार आहेत हे कळेल. रफालच्या करारातली ७५ टक्क्यांची हमी पाच वर्षांची होती. सहाव्या वर्षापासूनचा दर स्पर्धा चालू असतानाच लिहून घेता येतो. स्पर्धक निघून गेल्यावर तो विक्रेता सांगेल तो असतो.